फुलांपलीकडचे फळ : कवी यहूदा हालेवी

वल्हांडणाच्या दुसऱ्या रात्रीपासून दिवस मोजावयाचे, सात आठवडे पुरे करावयाचे आणि पन्नासाव्या दिवशी शाबुओथ म्हणजे सप्ताहांचा सण साजरा करावयाचा, ही यहुदी समाजाची शतकानुशतकांची रीत आहे. तो मंगल दिवस आज उगवला आहे. या सणाला दोन पदर आहेत. एक पदर शेतकऱ्याचा. यरुशलेम नगरीत मंदिर उभे होते त्या काळी गहू, जव, द्राक्षे, अंजीर, डाळिंब, जैतून आणि खजूर या सात जिनसांची प्रथमफळे देवाला अर्पण करण्यास या सणापासून आरंभ होई. दुसरा पदर धर्माचा. मिसर देशाच्या दास्यातून सुटलेल्या इस्राएल लोकांना सीनाय पर्वताच्या पायथ्याशी तोरा मिळाली ती याच दिवशी, अशी परंपरा सांगते.

प्रथमफळांच्या विधीचे मोठे हृद्य वर्णन मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत आले आहे. शेतकरी आपल्या मळ्यात उतरे. पहिले अंजीर पिकू लागलेले दिसताच त्याला लव्हाळ्याची गाठ बांधून तो ते देवाच्या नावाने राखून ठेवी. पुढे गावोगावचे लोक एकत्र जमून वाजतगाजत यरुशलेमला जात. श्रीमंतांची फळे सोन्यारुप्याच्या पात्रांत असत, गरिबांची सोललेल्या वाळुंजाच्या साध्या टोपल्यांत. मंदिरात पोहोचल्यावर श्रीमंतांची पात्रे त्यांना परत मिळत. गरिबांच्या टोपल्या मात्र फळांसकट याजकांच्या हाती जात. या नियमामागची कारणे शास्त्री पंडितांनी अनेक प्रकारे सांगितली आहेत. आम्हांला त्यात एक सरळ अर्थ दिसतो. पात्र कितीही झळझळीत असले तरी देवाला हवे असते ते फळ. पात्राचे सौंदर्य मालकाबरोबर घरी परत जाते.

आमच्या महाराष्ट्राला यहुदी धर्म परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल बांधव पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. नव्याचा सण, खिरीचा सण अशी आपल्या सणांची नावेही त्यांनी मराठीच ठेवली. १७९६ साली मुंबईत उभे राहिलेले शाअर हारहामीम हे प्रार्थनामंदिर त्यांच्या निष्ठेची साक्ष देते. या बांधवांच्या सणाच्या निमित्ताने आम्ही आज आमच्या वाचकांपुढे एका कवीचे चरित्र ठेवीत आहोत. त्या कवीचे नाव यहूदा हालेवी. ११४१ साली शाबुओथच्याच दिवशी त्यांचे जहाज अलेक्झांड्रियाच्या बंदरातून निघाले आणि सौंदर्याच्या एका फार मोठ्या उपासकाने आपल्या आयुष्याचा अखेरचा प्रवास सुरू केला. तो प्रवास त्यांना का करावासा वाटला, हेच त्यांच्या चरित्राचे मर्म आहे.

एब्रोच्या तीरावरून ग्रानादाकडे

यहूदा हालेवी यांचा जन्म सुमारे १०७५ साली उत्तर स्पेनमध्ये, एब्रो नदीच्या काठी वसलेल्या तुदेला नगरात झाला, असे आजचे बहुतेक संशोधक मानतात. त्या काळचा स्पेन म्हणजे दोन धर्मसत्तांच्या ओढाताणीचा प्रदेश होता. दक्षिणेला मुसलमान अमिरांची राज्ये, उत्तरेला ख्रिस्ती राजांची. हालेवी लहान असतानाच, १०८५ साली, कास्तीलचा राजा सहावा अल्फोन्सो याने तोलेदो जिंकले. सीमा पुढेमागे सरकत होत्या आणि त्यांच्या मधोमध यहुदी समाज आपली विद्या, आपला व्यापार आणि आपला धर्म सांभाळून राहात होता.

या समाजाने त्या दोनतीन शतकांत जे वैभव पाहिले त्याला इतिहासात जोड मिळणे कठीण. यहुदी विद्वान अरबी भाषेत वैद्यक, गणित आणि तत्त्वज्ञान शिकत. अरबी काव्याची वृत्ते त्यांनी हिब्रू भाषेत आणली आणि जी भाषा मुख्यतः प्रार्थनेची राहिली होती तिच्यात उद्यानांची, मद्याची, मैत्रीची आणि प्रेमाची गीते रचली. संध्याकाळी कारंज्याकाठी मैफल भरावी, पेला फिरावा आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी तत्काळ कवन रचून दुसऱ्याला आव्हान द्यावे, असा त्यांचा रिवाज होता.

तरुण यहूदा याच जगाच्या ओढीने दक्षिणेकडे निघाले. वाटेत एका मैफलीत मोशे इब्न एझ्रा या थोर कवीच्या एका अवघड रचनेचे अनुकरण करण्याची स्पर्धा लागली. इतरांना ते साधले नाही. या अनोळखी तरुणाने ते सहज साधले. ती रचना मोशे इब्न एझ्रा यांच्याकडे पोहोचली आणि त्यांनी आनंदाने या तरुणाला ग्रानादाला बोलावून घेतले. वयाने वडील असलेल्या या कवीशी जडलेला स्नेह हालेवींनी जन्मभर जपला.

ग्रानादाचे ते दिवस कवीच्या आयुष्यातील वसंत ऋतूच होता. हरिणाक्षी तरुणींचे लावण्य, बागेतील डाळिंबे, मित्रांच्या भेटी आणि ताटातुटी, विवाहाची मंगल गीते असे शेकडो विषय त्यांच्या लेखणीने हाताळले. त्यांच्या नावावर सुमारे ८०० कविता आहेत आणि त्यांतील प्रेमकाव्ये आजही हिब्रू साहित्याची भूषणे मानली जातात. ज्या पुरुषाने पुढे सौंदर्याच्या पलीकडे पाहावयास शिकवले, त्याला सौंदर्य ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही, म्हणून हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो. द्राक्षे आंबट आहेत असे म्हणून पाठ फिरवणाऱ्यांपैकी हा कवी नव्हता. त्याने द्राक्षे पोटभर चाखली होती.

तोलेदोचा वैद्य

वसंत फार काळ टिकला नाही. १०९० साली उत्तर आफ्रिकेतील मुराबितांनी ग्रानादा घेतले. जुन्या दरबारांचा थाट संपला. यहुदी कुटुंबांची वाताहत झाली आणि मोशे इब्न एझ्रा यांच्यासारख्या कवीलाही पुढे परागंदा व्हावे लागले. हालेवी गावोगाव फिरले आणि कालांतराने ख्रिस्ती अमलाखालच्या तोलेदोत वैद्यकीचा व्यवसाय करू लागले.

तोलेदोत त्या वेळी यहुदी समाजाला मोठा आधार होता. राजा अल्फोन्सोचा वैद्य योसेफ इब्न फेरीझुएल हा स्वतः यहुदी असून दरबारात त्याच्या शब्दाला वजन होते. हालेवींनी त्याच्या गौरवार्थ हिब्रू काव्य लिहिले आणि त्याचा शेवट लोकांच्या तोंडच्या जुन्या स्पॅनिश बोलीत केला. स्पॅनिश भाषेतील पद्याचे जे अगदी जुने नमुने आज उपलब्ध आहेत त्यांत अशा ओळींची गणना होते. म्हणजे एका हिब्रू कवीने आपल्या कवितेच्या शेपटीत स्पेनच्या भाषेचे बालपण जपून ठेवले.

परंतु राजाश्रयाची सावली किती क्षणभंगुर असते, ते ११०८ साली कवीला कळले. योसेफचा पुतण्या शलमोन हाही राजसेवेत होता. तो एका कामगिरीवरून परतत असताना त्याच्या स्वागतासाठी हालेवींनी काव्य सिद्ध केले होते. तो घरी पोहोचलाच नाही. वाटेत त्याचा खून झाला आणि ज्या हातांनी स्वागतगीत लिहिले त्याच हातांनी कवीला विलापगीत लिहावे लागले. पुढल्याच वर्षी अल्फोन्सोही मरण पावला. राजाच्या मर्जीवर, एखाद्या वजनदार आप्ताच्या भाग्यावर सबंध समाजाने आपल्या सुरक्षिततेची इमारत उभारावी, यातील फोलपणा त्यांच्या मनात त्या दिवसापासून घर करून राहिला असावा, असे आम्हांला वाटते.

वैद्यकीतही त्यांचे मन रमले नाही. नार्बोनच्या एका विद्वानाला त्यांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. मोठ्या नगरात कठोर धन्यांची चाकरी करताना आपले दिवस आणि रात्रीही औषधोपचारात जातात आणि बरे करणे तर आपल्या हाती नाही, अशी खंत त्यात उमटली आहे. नावलौकिक होता, पैसा होता, शिष्य व मित्र होते. नव्हती ती आतली शांती.

तरीही हा पुरुष उदास होऊन घरात बसला नाही. त्यांच्या स्वहस्ताची काही अरबी पत्रे, हिब्रू लिपीत लिहिलेली, दैवयोगाने आज उपलब्ध आहेत. त्यांतून दिसतात ते एका बंदिवान यहुदी स्त्रीच्या सुटकेसाठी वर्गणी गोळा करणारे हालेवी. पकडल्या गेलेल्या माणसाला खंडणी भरून सोडवणे हे यहुदी धर्मात फार मोठे पुण्यकर्म मानले आहे. महाकवी म्हणून ज्यांचे नाव स्पेनपासून मिसरपर्यंत पसरले होते, ते एका अनाथ स्त्रीसाठी दिनारांचा हिशेब लिहीत होते. ही पत्रे ज्याला लिहिली तो हाल्फोन बेन नथनेल हा मिसरचा विद्वान व्यापारी. एडनमार्गे हिंदुस्थानशी चालणाऱ्या व्यापारात तो गुंतलेला होता. आमच्या किनाऱ्यावरून मिरी आणि मसाले ज्या वाटेने पश्चिमेला जात त्याच वाटेवरच्या एका माणसाने या कवीवर जिवापाड प्रेम केले, ही गोष्ट आम्हां हिंदी वाचकांना सुखावणारी आहे.

राजाचे स्वप्न

अशा मनःस्थितीत हालेवींच्या हातून त्यांचा प्रसिद्ध गद्यग्रंथ लिहिला गेला. तो अरबी भाषेत असून सुमारे ११४० साली पुरा झाला. तुच्छ लेखल्या गेलेल्या धर्माच्या समर्थनार्थ युक्तिवाद आणि प्रमाणे, अशा अर्थाचे त्याचे मूळ नाव आहे. लोक त्याला 'कुजारी' या सुटसुटीत नावाने ओळखतात. ११६७ साली यहूदा इब्न तिब्बोन यांनी त्याचे हिब्रू भाषांतर केले आणि तेव्हापासून तो यहुदी समाजात सर्वत्र वाचला जात आहे.

ग्रंथाची चौकट इतिहासातून घेतलेली आहे. कास्पियन समुद्राच्या वायव्येस खजार नावाच्या लोकांचे राज्य होते आणि त्यांच्या राजाने पूर्वी यहुदी धर्म स्वीकारला होता. हालेवींनी कल्पिले ते असे. राजाला वारंवार एक स्वप्न पडते. एक देवदूत त्याला सांगतो की तुझा हेतू देवाला मान्य आहे, पण तुझी कृती मान्य नाही. राजा अस्वस्थ होतो. तो प्रथम एका तत्त्वज्ञाला विचारतो. तत्त्वज्ञ सांगतो की परमतत्त्व इतके पूर्ण आहे की त्याला माणसाच्या पूजेचे किंवा कर्माचे काहीच सुखदुःख नाही. मन शुद्ध ठेवावे, बुद्धी वाढवावी, बाकी कोणताही आचार चालेल. राजाला ही मांडणी देखणी वाटते. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते, कारण स्वप्न तर कृतीविषयी होते. मग तो ख्रिस्ती पंडिताला, मुसलमान पंडिताला आणि अखेर एका यहुदी विद्वानाला बोलावतो. पुढचा सर्व ग्रंथ म्हणजे राजा आणि तो विद्वान यांचा पाच भागांतील संवाद आहे.

यहुदी विद्वान जगाच्या उत्पत्तीपासून बोलण्यास आरंभ करीत नाही. तो सीनायची गोष्ट सांगतो. सहा लाख लोकांनी जे पाहिले व ऐकले आणि बापाने मुलाला सांगत जे आजवर आणले, तेच आपल्या श्रद्धेचे अधिष्ठान, असे तो म्हणतो. ॲरिस्टॉटलचा ईश्वर तर्काने सिद्ध होतो, परंतु त्याच्यासाठी कोणी प्राण टाकीत नाही. अब्राहामाचा देव अनुभवाने भेटतो आणि त्याच्यासाठी माणूस घरदार सोडून निघतो. शाबुओथच्या सणाचे सारे तत्त्वज्ञान या एका भेदात सामावलेले आहे.

सौंदर्याचा अव्हेर नव्हे

येथे एक गैरसमज होण्याचा संभव आहे. देहाचे सुख, सृष्टीची शोभा आणि सणाचा आनंद यांना हालेवी त्याज्य मानतात काय? मुळीच नाही. शब्बाथच्या आणि सणांच्या दिवशी होणारा आनंद हा उपवासाच्या दिवशी होणाऱ्या पश्चात्तापाइतकाच देवाजवळ नेणारा आहे, असे 'कुजारी'तील विद्वान ठामपणे सांगतो. खरा धर्मनिष्ठ पुरुष अरण्यात पळून जात नाही. तो आपल्या देहरूपी नगराचा राजा असतो. डोळे, कान, जिव्हा, कल्पना, वासना ही त्याची प्रजा. न्यायी राजाप्रमाणे तो प्रत्येकाला त्याचा रास्त वाटा देतो आणि मग प्रार्थनेच्या वेळी त्या सर्वांना एकत्र बोलावून सेवेला उभे करतो.

यहुदी धर्मात फळ खाण्यापूर्वी, सुगंध घेण्यापूर्वी, मोहरलेले झाड पाहिल्यावर देवाचे धन्यवाद म्हणण्याची चाल आहे. या धन्यवादांविषयी हालेवींनी केलेले विवेचन फार मार्मिक आहे. धन्यवाद म्हटल्याने सुख कमी होत नाही, ते वाढते. कारण जो माणूस देणाऱ्याचे स्मरण करून आणि ती वस्तू नसती तर काय झाले असते याचा विचार करून खातो, त्यालाच आपण काय खातो ते खऱ्या अर्थाने कळते. नशेत असलेल्या माणसापुढे त्याला हवे ते सारे ठेवले तरी त्याला त्याचा आनंद होत नाही. सौंदर्य पाहणारे डोळे पुष्कळांना असतात. ते कोणाचे, कशासाठी, हा प्रश्न विचारणारे मन मात्र कमावावे लागते.

म्हणजे हालेवींचा झगडा सौंदर्याशी नव्हता. सौंदर्यापाशीच थांबून राहणाऱ्या मनाशी होता. आणि ते मन दुसऱ्या कोणाचे नसून त्यांचे स्वतःचेच होते.

लाजिरवाणा प्रश्न

'कुजारी'च्या दुसऱ्या भागात एक प्रसंग आहे. यहुदी विद्वान इस्राएल देशाचे माहात्म्य भरभरून वर्णन करतो. राजा शांतपणे ऐकून घेतो आणि मग विचारतो की त्या भूमीचे जर एवढे महत्त्व, तर तुम्ही तेथे का जात नाही? रोज तिच्या नावाने प्रार्थना करता, तिच्या दिशेने वाकता, पण पाऊल उचलीत नाही. मग ती प्रार्थना पोपटपंचीच नव्हे काय? विद्वान निरुत्तर होतो. राजाने आपल्याला लाजवले, हे तो मान्य करतो. साऱ्या ग्रंथात आपली बाजू हिरिरीने मांडणारा हा पंडित या ठिकाणी खाली मान घालतो.

ही मान हालेवींची स्वतःची होती. यरुशलेमच्या ओढीने त्यांनी जी गीते लिहिली ती तोपर्यंत घरोघर गायिली जात होती. देह पश्चिमेच्या टोकाला आणि मन पूर्वेला, अशी आपली फाटलेली अवस्था त्यांनी एका लहानशा कवितेत अजरामर करून ठेवली होती. पण तीही शेवटी कविताच. विरहाचे उत्तम काव्य लिहून कीर्ती मिळवावी आणि विरह संपविण्यासाठी एक मैलही चालू नये, यातील विसंगती त्यांना टोचू लागली. हेतू मान्य आहे, कृती मान्य नाही. राजाला पडलेले स्वप्न वास्तविक कवीलाच पडलेले होते.

ग्रंथाच्या शेवटी तो विद्वान राजाचा निरोप घेऊन यरुशलेमकडे निघतो. ग्रंथ पुरा करून कवीही निघाले.

हे जाणे सोपे नव्हते. वय साठीच्या पुढे गेले होते. घरी एकुलती मुलगी होती आणि आजोबांचेच नाव ठेवलेला नातू यहूदा होता. समुद्रात वादळाचे व चाच्यांचे भय. आणि ज्या नगरीसाठी निघावयाचे ती तर १०९९ सालापासून क्रूसयुद्धाच्या सैनिकांच्या ताब्यात होती आणि तेथे राहण्याची यहुद्यांना बंदी होती. मित्रांनी परोपरीने समजावले. मंदिर तर ७० सालीच रोमनांनी उद्ध्वस्त केले. आज तेथे उजाड दगडांवाचून काय आहे? एका मित्राला हालेवींनी काव्यातूनच उत्तर दिले. त्यात ग्रीकांच्या विद्येविषयी त्यांनी केलेला अभिप्राय पुढे फार गाजला. त्या झाडाला फुले येतात, फळ धरत नाही, असा त्याचा आशय आहे. प्रथमफळांचा सण पाळणाऱ्या समाजातल्या कवीलाच ही उपमा सुचावी, यात नवल नाही.

मिसरचा मोह

११४० सालच्या सप्टेंबर महिन्यात, यहुदी नववर्षाला थोडेच दिवस उरले असताना, त्यांचे जहाज अलेक्झांड्रियाला लागले. समुद्राने वृद्ध प्रवाशाची पुरी परीक्षा पाहिली होती. जहाजाच्या अरुंद जागेत अंग दुमडून पडणे, लाटांचे डोंगर आणि मृत्यूचे सान्निध्य या साऱ्याची त्यांनी गीते केली. हिब्रू भाषेत समुद्राचे असे काव्य पूर्वी फारसे झाले नव्हते.

अलेक्झांड्रियात त्यांचे राजासारखे स्वागत झाले. अहरोन इब्न अल्-अम्मानी या न्यायाधीशाच्या प्रशस्त घरी ते उतरले. तेथे बाग होती, कारंजे होते, आदरातिथ्य होते. पुढे ते कैरोकडे गेले. तेथे मिसरच्या यहुद्यांचे प्रमुख शमुवेल बेन हनन्या यांनी त्यांचा सन्मान केला आणि जुना मित्र हाल्फोनही भेटला. ज्या वसंताला कवी स्पेनमध्ये सोडून आले होते तो जणू नाईलच्या काठी पुन्हा त्यांची वाट पाहात उभा होता. आणि कवीचे मन विरघळले! त्यांनी यजमानांची स्तुतिकाव्ये लिहिली, नदीकाठच्या हिरवाईवर लिहिले, तरुणींच्या लावण्यावरही लिहिले. अरबी वृत्तांनी हिब्रूचा मूळ बाज बिघडतो असे 'कुजारी'त सांगणारे हालेवी त्याच वृत्तांत पुन्हा रचना करू लागले. दिवस जात होते. महिने जात होते. यरुशलेम तेथून फार दूर उरले नव्हते.

काही चरित्रकारांना हा भाग अडचणीचा वाटतो. आम्हांला मात्र तो या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो. एकदा निश्चय केला आणि मोह कायमचा सुटला, असे माणसाच्या आयुष्यात घडत नाही. साठी उलटलेला, कीर्तीने थकलेला, देवासाठी घर सोडून निघालेला हा पुरुषदेखील एका सुंदर बागेपाशी थबकला. मोठेपण आहे ते थबकल्यानंतर पुन्हा चालू लागण्यात.

संकटही आले. धर्मांतर केलेल्या एका माणसाचे पैसे स्पेनहून हालेवींबरोबर आले होते. मूळ धर्मात परतण्यासाठी आपल्यावर दडपण आणले जात आहे, अशी तक्रार त्याने अलेक्झांड्रियाच्या अधिकाऱ्यांपाशी केली. हा आरोप प्राणावर बेतण्याजोगा होता. परंतु कवीची प्रतिष्ठा एवढी होती की चौकशीतून ते निष्कलंक सुटले आणि लोकांचा रोष तक्रार करणाऱ्यावरच उलटला.

वारा फिरला

११४१ सालच्या मे महिन्यात हालेवी अखेर जहाजावर चढले. जहाज पॅलेस्टाईनच्या किनाऱ्याकडे जाणार होते. परंतु वारा पूर्वेकडून येत होता आणि शिडांना बंदर सोडता येईना. दिवसांमागून दिवस गेले. किनारा इतका जवळ की मित्रांना पत्रे पाठवावीत, आणि तरीही परत उतरावयाचे नाही असा कवीचा निर्धार. ग्रानादाच्या तारुण्यात ज्यांनी लावण्यवतींना आळविले, त्यांनी त्या मुक्कामात पश्चिमेच्या वाऱ्याला आळविले.

मे महिन्याच्या १४ तारखेला शाबुओथचा सण होता. त्या दिवशी वारा फिरला. पश्चिमेचा वारा सुटला, शिडे फुगली आणि जहाज निघाले. सीनायवर इस्राएलला तोरा मिळाल्याचा दिवस, प्रथमफळे घेऊन यरुशलेमची वाट धरण्याचा दिवस! स्पेनच्या या यात्रेकरूच्या हाती टोपली नव्हती. पण आयुष्याच्या झाडावर साठ वर्षे जी फुले फुलली त्यांचे फळ तो स्वतःच्या देहाच्या पात्रातून घेऊन चालला होता.

यानंतर हालेवींच्या हातची एकही ओळ आपल्याला मिळत नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधील एका पत्रात त्यांचा उल्लेख दिवंगत म्हणून आला आहे. पुढे एक दंतकथा रूढ झाली. यरुशलेमच्या वेशीपाशी अंगावरचे वस्त्र फाडून, गुडघ्यांवर रांगत ते आपले सियोनचे विलापगीत गात असता एका अरब घोडेस्वाराने त्यांना टापांखाली चिरडले, अशी ती कथा आहे. ती १५८७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका ग्रंथात आढळते आणि १८५१ साली जर्मन कवी हाईनने ती आपल्या काव्यात घेऊन जगभर नेली. इतिहासाच्या कसोटीला ती उतरत नाही. पण लोकांनी आपल्या लाडक्या कवीला वेशीपाशी तरी पोहोचवलेच, त्याला वाटेत बुडू दिले नाही, यातले प्रेम खोटे म्हणता येत नाही.

दंतकथेच्या जागी इतिहास आला तो अगदी अलीकडे. देवाचे नाव असलेला कागद फेकावयाचा नाही या श्रद्धेमुळे जुन्या कैरोतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या कोठीत शतकानुशतके जुने कागद साठत गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते संशोधकांच्या हाती आले. हिंदुस्थानच्या व्यापाराशी संबंधित कागदपत्रांचा दीर्घ अभ्यास करणारे पंडित श्लोमो गोइटाइन (१९०० ते १९८५) यांना त्या ढिगात हाल्फोनचा पत्रव्यवहार आणि त्यात खुद्द हालेवींची पत्रे सापडली. प्रवासाच्या तारखा, बंदरातील मुक्काम, वाऱ्याचे फिरणे हे सारे आपल्याला कळते ते त्या कागदांमुळे. व्यापाऱ्याच्या दप्तराने कवीची यात्रा जपून ठेवली!

सणाचा बोध

हालेवींनी प्रार्थनामंदिरांसाठी शेकडो गीते रचली. त्यांतली अनेक शब्बाथला आणि सणांना आजही गायिली जातात. सियोनचे विलापगीत अव महिन्याच्या नवमीला, मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी, अनेक देशांतील यहुदी समाज म्हणतात. हा तोच शोकदिन, ज्याला आमच्या कोकणात बिरड्याचा उपवास असे घरगुती नाव मिळाले. स्पेनच्या कवीला यरुशलेम पूर्वेला होते. कोकणच्या बेने इस्राएलांना ते पश्चिमेला, म्हणून मुंबईच्या प्रार्थनामंदिरांत तोरेचे कपाट पश्चिमेच्या भिंतीला असते. १९४८ नंतर त्यांच्यापैकी हजारो कुटुंबे त्या पश्चिमेकडे निघून गेली आणि आपली मराठी बरोबर घेऊन गेली. दिशा बदलल्या तरी ओढ एकच राहिली.

आम्ही यहुदी नसू, यरुशलेम आमचे तीर्थ नसेल. तरीही ही कथा आमच्यापैकी प्रत्येकाला लागू पडते. सुंदर प्रार्थना म्हणावी, सुंदर मंदिर बांधावे, सणाला सुंदर वस्त्रे ल्यावीत, यात वावगे काही नाही. ज्याने सृष्टी सुंदर केली त्याला सौंदर्याचा राग कसा येईल? पण त्या शोभेच्या पलीकडे एक प्रश्न उभा असतो आणि तो आपल्याला रोज विचारला जातो. हेतू तर चांगला आहे. कृती कोठे आहे? यहूदा हालेवी यांनी या प्रश्नाला कवितेने उत्तर देता येईल तोवर कवितेने दिले, आणि कविता अपुरी पडली तेव्हा उठून चालू लागले. ते पोहोचले की नाही, हे विचारण्याचे आम्हांला कारण वाटत नाही. पहिल्या पिकत्या अंजिराला लव्हाळ्याची गाठ बांधली जाते त्या क्षणीच ते फळ देवाचे झालेले असते.

आजच्या या मंगल दिनी आमच्या यहुदी बांधवांना शाबुओथच्या शुभेच्छा आणि त्या वृद्ध यात्रेकरूच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.